ठिणगीचा बंदोबस्त

इस्त्री करता करता बाहेरून कोणी हाक मारली आणि बटण बंद न करताच प्लग भिंतीतून ओढला, तर एक बारीक निळी ठिणगी फट्‌कन चमकून जाते. घरातले वडीलधारे ओरडतात, आणि त्यांचे ओरडणे योग्यच असते. पण ती ठिणगी उडते तरी का, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

वीज चालू करणे सोपे, बंद करणे अवघड. नळ फिरवला की पाणी मुकाट्याने थांबते. विजेचे तसे नाही. एकमेकांना चिकटलेले धातूचे दोन तुकडे दूर होऊ लागले, की शेवटच्या स्पर्शाच्या जागी ते भयंकर तापतात. मधली हवाही तापते, आणि तापलेली हवा ही हवा राहत नाही, ती वाहक बनते. तार तुटली तरी प्रवाह त्या हवेच्या पुलावरून चालतच राहतो. या पुलाला कारागीर मंडळी आर्क म्हणतात. आपण ज्योत म्हणू. इस्त्रीच्या प्लगात २३० व्होल्टचा दाब आणि चार अँपिअरचा प्रवाह, म्हणून ती ज्योत क्षणात विझते. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या ओव्हरहेड वायरीत मात्र २५ हजार व्होल्ट असतात, आणि तार तुटून रुळावर पडली तर हजारो अँपिअर वाहू लागतात. तिथे जी ज्योत लागते तिचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त असते. ती पापणी लवण्याच्या आत विझवली पाहिजे, नाही तर तारा वितळतील, ट्रान्सफॉर्मर जळतील, आणि माणसे मरतील.

हे काम करणाऱ्या यंत्राला सर्किट ब्रेकर म्हणतात, आणि अशी सगळी तोडजोड करणारी यंत्रे, त्यांच्या पेट्या, खटके यांना मिळून स्विचगिअर. लोकल उशिरा आली की आपण मोटरमनला बोल लावतो, रेल्वेमंत्र्यांनाही लावतो. पण या पेटीची आठवण कोणाला होत नाही. हल्ली मात्र जगभरचे इंजिनिअर तिच्यामागे लागले आहेत. पेटी लहान करायची, आणि तिच्या पोटात जो वायू भरलेला असतो तो काढून टाकायचा, असा दुहेरी खटाटोप चालला आहे. गंमत अशी, की या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत. ते वैर काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आणि मागे जायचे तर मुंबईपासूनच सुरुवात केली पाहिजे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनसवरून विजेची पहिली आगगाडी कुर्ल्याला सुटली. हिंदुस्थानातली विजेवरची ती पहिली गाडी. तिचा दाब होता १५०० व्होल्ट, आणि वीज होती डीसी, म्हणजे एकाच दिशेने सतत वाहणारी. १९२८ साली बी. बी. अँड सी. आय.ची कुलाबा–बोरिवली गाडी विजेवर आली. १९३० पर्यंत दोन्ही घाट चढून तारा पुण्याला आणि इगतपुरीला पोहोचल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये दख्खनची राणी धावू लागली.

१५०० व्होल्ट हा दाब तसा बेताचाच. दाब कमी म्हणजे तेवढेच काम करायला प्रवाह जास्त. प्रवाह जास्त म्हणजे तारा जाड, आणि दर थोड्या मैलांवर एक सबस्टेशन. शिवाय डीसी तोडणे फार कठीण. ती सतत वाहते, मध्ये श्वास घेत नाही. त्यामुळे तिची ज्योत विझवायला तिला लोहचुंबकाच्या जोराने एका चिमणीसारख्या खोक्यात ढकलावे लागते, आणि तिथे चिनीमातीच्या फटींतून ताणून ताणून, थंड करून तिचा जीव घ्यावा लागतो. डीसीचा ब्रेकर सुटला की जो धडाका होई, तो ज्यांनी ऐकला असेल ते सहसा विसरणार नाहीत.

एसी, म्हणजे दिशा बदलणारी वीज, या बाबतीत मोठी सोयीची. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास फेऱ्या करते. म्हणजे सेकंदात शंभर वेळा तिचा प्रवाह क्षणभर अगदी शून्यावर येतो. त्या क्षणी ज्योत आपण होऊनच विझते. ब्रेकरचे काम एवढेच, की ती पुन्हा पेटू द्यायची नाही. शून्याच्या त्या निमिषात मधली जागा इतकी थंड, इतकी निर्जीव करायची, की पुढच्या फेरीचा दाब आला तरी त्याला पलीकडे उडी मारता येऊ नये. एसी ब्रेकरचा सगळा इतिहास म्हणजे या एका निमिषासाठी केलेली धडपड आहे.

१९५७ साली आपल्या रेल्वेने ठरवले, की यापुढचे विद्युतीकरण २५ हजार व्होल्टच्या एसीवर करायचे. सल्लागार होती फ्रान्सची सरकारी रेल्वे. त्या सोयरिकीची एक खूण आजही शिल्लक आहे. इंजिनाच्या छपरावर जो मुख्य ब्रेकर असतो त्याला आपले ड्रायव्हर 'डीजे' म्हणतात. लग्नाच्या वरातीतल्या डीजेशी याचा संबंध नाही! फ्रेंच भाषेत ब्रेकरला 'दिझाँक्तर' म्हणतात, त्याची ही दोन अक्षरे. लांबच्या गाडीने जाताना खिडकीतून पाहिलेत, तर मधूनच रुळाच्या कडेला आधी ५०० मीटरची, मग २५० मीटरची पाटी दिसते, आणि पुढे डीजे उघडण्याची व नंतर मिटण्याची. तिथे तारेचा एक लहानसा तुकडा वीज नसलेला ठेवलेला असतो, कारण अलीकडची वीज एका फेजची आणि पलीकडची दुसऱ्या फेजची. त्या दोघींची गाठ पडू द्यायची नसते. ड्रायव्हर ब्रेकर उघडतो, गाडी आपल्या वेगाने तो तुकडा ओलांडते, तो पुन्हा मिटतो. जुन्या इंजिनांत हा ब्रेकर दाबलेल्या हवेच्या झोताने ज्योत फुंकून टाकी, आणि छपरावर फटाका फुटल्यासारखा आवाज होई.

२५ हजार व्होल्टवर तेवढ्याच कामाला प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा लागतो. सबस्टेशने चाळीस-साठ किलोमीटरवर एक असली तरी भागते. मुंबईच्या उपनगरी मार्गांनी मात्र जुना डीसीचा संसार पुढे अर्धे शतक चालवला. चालत्या लोकलखालची सतरंजी कोण ओढणार? शेवटी ती ओढली गेली, आणि तीही गाड्या बंद न पाडता. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ साली पुरे झाले, मध्य रेल्वेवर हार्बरसकट २०१६ च्या एप्रिलमध्ये. आज देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मार्गांवर विजेच्या तारा आहेत. ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वेसुद्धा २०२२ साली पूर्णपणे विजेवर आली.

एवढ्या तारा झाल्या, म्हणजे त्यांच्यासाठी तेवढे ब्रेकर आले. आणि रेल्वेच्या ब्रेकरच्या नशिबी जी वणवण असते ती शहराच्या ब्रेकरच्या नशिबी नसते. शहराची वीज बहुतेक जमिनीखालून किंवा उंच मनोऱ्यांवरून जाते. रेल्वेची तार झाडांमधून, पुलांखालून, बोगद्यांतून, वस्त्यांच्या अंगावरून जाते आणि तिच्यावर दर थोड्या वेळाने पेंटोग्राफ घासत जातो. माकड खांबावर चढते. कावळा घरट्यासाठी लोखंडी तारेचा तुकडा घेऊन येतो आणि नेमका चिनीमातीच्या चिमणीवर ठेवतो. संक्रांतीत मांजा अडकतो, पावसाळ्यात फांदी लोंबते. प्रत्येक वेळी वीज रुळाकडे धाव घेते, आणि प्रत्येक वेळी ब्रेकरने तोडायचे. तोडून थोड्याच क्षणांत आपण होऊन एकदा जोडून पाहायचे. फांदी जळून पडली असेल तर ठीक, नाही तर पुन्हा तोडून स्वस्थ बसायचे आणि कंट्रोल रूममधल्या माणसाच्या हुकमाची वाट पाहायची. शहरातला ब्रेकर वर्षानुवर्षे एकदाही न सुटता राहू शकतो. रेल्वेच्या ब्रेकरला असा आराम ठाऊक नाही.

या कष्टाच्या कामासाठी निरनिराळ्या काळात निरनिराळे उपाय झाले. प्रथम तेल. ज्योत तेलात बुडवायची. तेलाची वाफ होऊन तीच ज्योतीला विझवते. युक्ती चांगली, पण तेल काळे पडते, आणि एखादे वेळी टाकीच पेट घेते. मग दाबलेली हवा. तिला कॉम्प्रेसर, नळ्या, गळती, असा सगळा लवाजमा. आणि त्यानंतर एक वायू आला, ज्याने सर्वांना छुट्टी दिली.

त्याचे नाव सल्फर हेक्झाफ्लोराइड. कामगारांच्या तोंडी एसएफ-सिक्स. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समध्ये आंरी म्वासाँ आणि पॉल लबो या रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रथम तयार केला. गंधकाच्या एका अणूभोवती फ्लोरिनचे सहा अणू असे घट्ट बसतात, की त्यांना कोणाशीच सोयरीक करण्याची इच्छा उरत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो जळत नाही, आणि शुद्ध असेपर्यंत विषारी नाही. हवेच्या पाचपट जड. हेलियम छातीत घेतला तर आवाज बालकासारखा बारीक होतो. हा घेतला तर नाटकातल्या राक्षसासारखा घोगरा. (हा प्रयोग मात्र कोणी करू नये, जड वायू फुप्फुसाच्या तळाशी बसून राहतो.) आणि विजेच्या दृष्टीने त्याचा थोर गुण असा, की मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन तो अधाशासारखे गिळतो. ज्योत म्हणजे तरी काय, मोकळ्या इलेक्ट्रॉनांचीच गर्दी. त्यामुळे ज्योत विझवण्यात तो पटाईत, आणि वीज अडवून धरण्यात हवेच्या अडीच-तीन पट बळकट.

हा शेवटचा गुण महत्त्वाचा. २५ हजार व्होल्टच्या उघड्या तारेपासून माणसाने दोन मीटर दूर राहायचे असते. उघड्या हवेत ही यंत्रे मांडायची म्हणजे खांब, चिमण्या, कुंपण, खडी पसरलेले भले मोठे आवार लागते. तीच यंत्रे एसएफ-सिक्सने भरलेल्या धातूच्या पेटीत घातली, की एका खोलीत मावतात, पेटीच्या बाहेरच्या अंगाला हात लावला तरी चालते, आणि पाऊस, धूळ, कावळे यांचा प्रश्नच मिटतो. अशी ही कामधेनू सापडल्यावर कारखानदारांनी दुसरीकडे पाहिले नाही यात नवल नाही. पुढे हा वायू इतका लाडका झाला, की एका नामांकित कंपनीच्या खेळाच्या बुटांच्या टाचांतही तो काही वर्षे भरला जात असे!

पण जो वायू कशाशीच संयोग पावत नाही, तो हवेत सुटला तर नाहीसा होणार कसा? पाऊस त्याला धुऊन काढीत नाही, झाडे त्याला खात नाहीत. हजार वर्षांहून अधिक काळ तो वातावरणात राहतो. आणि पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो एसएफ-सिक्स हा सुमारे २४ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबर. घरगुती भाषेत सांगायचे तर किलोमीटरमागे १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी मोटारगाडी २ लाख किलोमीटर चालवावी, म्हणजे पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालाव्या, तेवढे पाप एका किलोत. १९९७ च्या क्योटो करारात ज्या थोड्या वायूंना आळा घालायचे ठरले त्यांत याचे नाव होते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. चांगल्या बांधणीच्या पेटीतून वर्षाला एक टक्काही वायू निसटत नाही, आणि विजेची आगगाडी डिझेलच्या गाडीपेक्षा स्वच्छ आहे हे या वायूमुळे खोटे ठरत नाही. कोणी तसे म्हणत असेल तर तो वकिली कावा समजावा. खरा धोका निराळा आहे. वायू निसटतो तो पेटी भरताना, दुरुस्तीच्या वेळी आणि ती मोडीत काढताना. आणि एकदा बसवलेली पेटी तीस-चाळीस वर्षे जागची हलत नाही. म्हणजे आज जी विकत घ्यायची, तिच्या पोटातला वायू कोणी तरी २०६० च्या सुमारास काढायचा आहे. तो माणूस नीट काढील की पान्याने नळी सैल करून मोकळा होईल, हे आज कोण सांगणार?

त्यात दुसरीही एक गोम आहे. ज्योतीच्या उष्णतेने या सोवळ्या वायूचे तुकडे होतात. बहुतेक पुन्हा जुळतात, काही जुळत नाहीत; आणि त्यांत दमट हवा शिरली, की जी आम्ले तयार होतात ती काच खाणारी असतात. जुनी पेटी उघडली की आत पांढरी पूड सापडते. ती साफ करणाऱ्याला हातमोजे आणि मुखवटा घालावा लागतो. भुयारात तर हा जड वायू खड्ड्यात साचून हवेला बाहेर ढकलतो, आणि खाली उतरलेला माणूस वास आला नाही म्हणून निर्धास्त राहतो.

तर मग याला पर्याय काय? अर्धा पर्याय फार पूर्वीच सापडला होता. १८८९ साली पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की दोन धातूंमधल्या वायूचा दाब आणि त्यांतले अंतर यांवर ठिणगी केव्हा उडणार हे ठरते. इलेक्ट्रॉन निघाला, वाटेत वायूच्या रेणूला धडकला, त्यातून आणखी इलेक्ट्रॉन सुटले, ते पुन्हा धडकले. ठिणगी ही अशी अफवेसारखी पसरते. आता वायू खूप दाबून भरला, तर धडका इतक्या जवळजवळ होतात की इलेक्ट्रॉनाला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. उलट वायू जवळजवळ पूर्ण काढून टाकला, तर धडकायला कोणी शिल्लकच राहत नाही. दोन्ही टोके सुरक्षित. धोका मधल्या स्थितीत.

हे दुसरे टोक म्हणजे निर्वात. १९२६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रशाळेत सोरेनसन आणि मेंडेनहॉल यांनी निर्वात नळीत प्रवाह तोडून दाखवला. कल्पना बिनचूक होती, पण त्या काळचे धातू आणि काच-धातूंचे सांधे तिला पुरे पडेनात. धातूच्या पोटात लपलेली हवा हळूहळू बाहेर येई आणि निर्वात बिघडे. बाजारात टिकेल अशी नळी यायला आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली. आज ती दिसायला लोणच्याच्या बरणीसारखी असते. चिनीमातीची भिंत, आत तांबे आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाच्या दोन चकत्या. चकत्या एकमेकींपासून बोटाच्या रुंदीएवढ्या सरकल्या की काम भागते. ज्योत लागते ती धातूच्याच वाफेची. शून्याचा निमिष आला की ती वाफ भिंतीवर जाऊन थिजते, आणि पुढच्या फेरीला पूल बांधायला सामानच उरत नाही. धूर नाही, आवाज नाही, भरायला वायू नाही. हजारो वेळा उघडा आणि मिटा. रेल्वेच्या वणवणीसाठीच जणू ती जन्मली. आपल्या रेल्वेत सबस्टेशनांत आणि इंजिनांच्या छपरांवर ही निर्वात नळी आता चांगली रुळली आहे.

वाचक विचारतील, मग अडले कुठे? अडले ते असे, की वायू दोन कामे करीत होता. एक ज्योत विझवण्याचे. ते बरणीने घेतले. दुसरे वीज अडवून धरण्याचे, म्हणजे बरणीच्या बाहेरून, पेटीच्या भिंतीकडे ती उडी मारू नये हे पाहण्याचे. हे काम उघड्या आवारात साधी हवा करते, पण मग आवार मोठे लागते. पेटी लहान हवी, तर बरणीभोवती पुन्हा एसएफ-सिक्स भरतात. बाहेरून 'निर्वात ब्रेकर' असे नाव, आणि पोटात तोच वायू, अशा पेट्या जगभर पुष्कळ आहेत. हेच ते वैर: वायू काढला की पेटी वाढते, पेटी लहान केली की वायू हवासा वाटतो.

आणि लहान पेटीची गरज तर दिवसेंदिवस वाढते आहे. मुंबईत दादर-कुर्ल्यासारख्या ठिकाणी रुळांच्या बाजूला एक खोली बांधायची म्हटली तरी आधी कोणाला तरी उठवावे लागते. कफ परेडपासून आरेपर्यंतची ३३.५ किलोमीटरची मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण चालू झाली. तिचाही दाब २५ हजारच, आणि ती जवळजवळ सगळी जमिनीखाली. भुयारात आणखी एक खोली कोरायची म्हणजे काय खर्च, हे सांगायला नको. भोर घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे सपाट आवार आणायचे कोठून? कोकणात जागा मिळेल, पण समुद्रावरचा खारा वारा उघड्या चिमण्यांवर मिठाचा थर चढवतो, आणि पहिल्या पावसाच्या भुरभुरीत त्या थरावरून वीज सरपटू लागते. बंद पेटी तिथे जागेसाठी नव्हे, तर मिठासाठी हवी.

त्यात आता दोन वेळा पंचवीस, अशी नवी पद्धत येते आहे. गाडीच्या तारेत २५ हजार, जोडीच्या दुसऱ्या तारेत उलट्या दिशेचे २५ हजार, आणि दर दहा-पंधरा किलोमीटरवर दोघींचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर. मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गांवर ही पद्धत आहे, आणि मुंबई–अहमदाबाद वेगवान गाडीसाठीही तीच घेतली आहे. सबस्टेशने दूर दूर गेली हा फायदा. पण मधल्या प्रत्येक मुक्कामाला ब्रेकर आणि खटके आले. पेट्यांची संख्या वाढली, म्हणून प्रत्येक पेटीतल्या हातभर जागेला किंमत आली.

कोणी म्हणेल, शहरांना ३३ हजार व्होल्टची वीज वाटणाऱ्या पेट्या बाजारात तयार मिळतात, त्यांतलीच बिनवायूची उचलून रेल्वेला का देऊ नये? आकडा तर मोठाच आहे. पण आकडा फसवा आहे. शहरातले ३३ हजार हे तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांमधले; तारेपासून जमिनीपर्यंत मोजले तर १९ हजारच भरतात. रेल्वेची तार एकच, आणि तिची दुसरी बाजू म्हणजे रूळ, जे जमिनीलाच टेकलेले. म्हणजे २५ हजार, आणि गाड्या कमी असल्या की साडेसत्तावीस हजारसुद्धा, सरळ जमिनीकडे पाहत उभे. शहराच्या हिशेबात ही पेटी सुमारे ४८ हजारांच्या तोडीची झाली. वरून आणखी, दोन फेजांच्या सीमेवरचा खटका उघडा असताना त्याच्या दोन बाजूंना दोन निरनिराळे दाब असतात. ती फट वेगळी बळकट हवी. म्हणून रेल्वेची पेटी शहराच्या पेटीची धाकटी बहीण नव्हे, तिचे माप निराळेच घ्यावे लागते. एक गोष्ट मात्र रेल्वेच्या फायद्याची: शहराच्या पेटीत तीन तारा एकमेकींच्या शेजारी कोंबाव्या लागतात, रेल्वेच्या पेटीत एक, फार तर दोन. एकाच तारेभोवती सरळ गोल नळकांडे बांधता येते, आणि विजेचा ताण गोल आकारात सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. टोके आणि कोपरे हीच ठिणगीची माहेरघरे.

या गोल नळकांड्यात एसएफ-सिक्सऐवजी काय घालावे, याचे सध्या तीन पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, हवाच घाला, पण कोरडी ठणठणीत, गाळलेली आणि दाबून भरलेली. पाशेनचे पहिले टोक ते हेच. आत निर्वात बरणी, बाहेर दाबलेली हवा. एकाच पेटीत दोन्ही टोके. पेटी थोडी जाड होते, तिच्या भिंती मजबूत लागतात, पण गळली तर गळली. हवेत हवा मिसळते. मला स्वतःला हा पंथ सर्वांत प्रामाणिक वाटतो. दुसरा पंथ बरणीभोवती राळ ओततो, इपॉक्सीची, आणि सगळे मिळून एक घट्ट ठोकळा करतो. ही सर्वांत आटोपशीर. पण ओतताना मोहरीच्या दाण्याहून लहान एखादा बुडबुडा आत राहिला, तर त्या बुडबुड्यात रोज बारीक ठिणग्या उडून राळ आतून पोखरली जाते, आणि काही वर्षांनी ठोकळा फुटतो. मग दुरुस्ती नाही, तो फेकूनच द्यायचा. तिसरा पंथ नवा वायू शोधतो. फ्लुओरोनायट्राइल नावाच्या रसायनाचा थोडा अंश कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळला, तर वीज चांगली अडते आणि उष्णता कोंडण्याचा दोष ९८-९९ टक्क्यांनी कमी होतो. मोठ्या दाबाच्या उपकेंद्रांत त्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. पण हे रसायन त्या चिवट फ्लोरिनवाल्या कुळातले, ज्या कुळाकडे आता जग संशयाने पाहू लागले आहे. ते बनवणाऱ्या थ्री-एम या अमेरिकन कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केले, की २०२५ अखेर आपण या कुळातली रसायने बनवणे सोडणार. एक वायू सोडून त्याच्याच चुलत्याच्या घरी राहायला जावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निर्वात बरणीचेही थोडे नखरे आहेत. ती इतकी तत्पर, की कधी कधी शून्याची वाट न पाहता थोडा आधीच प्रवाह तोडते, आणि त्या हिसक्याने ट्रान्सफॉर्मरवर दाबाची लाट आदळते. त्यासाठी शेजारी लाट गिळणारा अरेस्टर बसवतात. दुसरे असे, की वायूच्या पेटीला दाब दाखवणारा काटा असतो; सकाळी येऊन माणूस काटा पाहतो आणि निश्चिंत होतो. बरणीला काटा नाही. आत निर्वात शाबूत आहे की नाही, हे उच्च दाब लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. सुईच्या अग्राएवढे छिद्र पडून किंचित हवा आत शिरली, की पाशेनची ती मधली धोक्याची स्थिती आली. वर्षानुवर्षे काटा पाहण्याची सवय झालेल्या माणसाला नुसत्या तपासणीच्या कागदावर विश्वास ठेवायला सांगणे, हे प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा काही सोपे नाही.

युरोपने या प्रश्नाला कायद्याचा धक्का दिला आहे. २०२४ च्या नियमाप्रमाणे २४ हजार व्होल्टपर्यंतच्या नव्या पेट्यांत असे वायू १ जानेवारी २०२६ पासून बंद. २४ ते ५२ हजारांच्या पेट्यांत १ जानेवारी २०३० पासून. अपवाद आहेत, पण रोख स्पष्ट आहे, आणि रेल्वेचा आकडा या दुसऱ्या पायरीत येतो. आपल्याकडे पेट्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी अनेक युरोपीय आहेत; तिकडे जे बंद होईल त्याचे सुटे भाग इकडे किती वर्षे मिळत राहतील, हा हिशेब रेल्वेच्या खरेदीखात्याला करावाच लागेल. आपल्या रेल्वेने २०३० पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याचे उद्दिष्टही ठेवले आहे. निर्वात बरण्या आपल्याकडे बनतात, उघडी आवारेही आपल्याला सवयीची आहेत. जिथे माळरानावर जागा आहे तिथे बरणी आणि उघडी हवा, हीच स्वस्त आणि निर्दोष जोडी. तिथे चकचकीत बंद पेटीचा सोस करण्याचे कारण नाही. बिनवायूची लहान पेटी हवी ती भुयारात, घाटात, खाऱ्या वाऱ्यात आणि मुंबईच्या दाटीत, आणि पैसे तिथेच खर्चावेत.

राहिला प्रश्न आज ज्या पेट्या वायूने भरलेल्या उभ्या आहेत त्यांचा. त्यांचे आयुष्य संपेल तेव्हा पंप लावलेली हातगाडी जागेवर न्यायची, पेटीतला वायू शेवटच्या थेंबापर्यंत ओढून सिलिंडरमध्ये भरायचा, पेटीचे आधीचे आणि सिलिंडरचे नंतरचे वजन लिहून ठेवायचे, सिलिंडर कारखान्यात पाठवून वायू शुद्ध करायचा किंवा मोठ्या भट्टीत जाळून त्याचे तुकडे करायचे. हे तंत्र अवघड नाही, कित्येक वर्षे वापरात आहे. त्याला लागते ती एक वही, एक वजनकाटा, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर विचारणारा कोणी तरी वरिष्ठ.